स्पॅनिशमध्ये 'देखावा' कसा म्हणायचा? पाइसाखे, बिस्ता, पानोरामा की आणखी काही?

नीरा_काठ

मराठीतला 'देखावा' स्पॅनिश कोशात शोधला की पाच शब्द निघतात: पाइसाखे, बिस्ता, पानोरामा, एसेना, एसेनारियो. पाचही 'दृश्य' या अर्थाखाली दिलेले असतात, पण कुठला शब्द कुठे वापरायचा हे कोश सांगत नाही. देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेत ए२ आणि बी१ या दोन्ही पातळ्यांवर तोंडी भागात फोटो देऊन त्याचं वर्णन करायला लावतात, तेव्हा हा घोळ वेळेत निस्तरलेला बरा.

तपासायला चार वाक्यं देते.

१. एल एसेनारियो दे ला मोन्तान्या एस मुय बोनितो. (डोंगरावरचा देखावा फार सुंदर आहे.)
२. देस्दे मी बेन्ताना तेन्गो उन बुएन पाइसाखे. (माझ्या खिडकीतून छान देखावा दिसतो.)
३. ला पानोरामा एस ग्रान्दे. (नजारा मोठा आहे.)
४. एन ला फोतो एस्ता उन रियो. (फोटोत एक नदी आहे.)

नुसती दुरुस्ती नको, कारणही लिहा.

शब्दांगण

आधी लिहिण्याची पद्धत ठरवू, म्हणजे धाग्यात गोंधळ होणार नाही. स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी यांचा उच्चार एकच, म्हणून 'बिस्ता'. जे अक्षराचा उच्चार घशातला ख, म्हणून 'पाइसाखे'. एच मूक, म्हणून 'ओरिसोन्ते'. ई-आय आधीचा सी आणि झेड यांचा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागात थ होतो, लॅटिन अमेरिकेत स. इथे सगळीकडे स लिहितो.

चारही वाक्यं चुकली आहेत, पण चौघांची चूक वेगळ्या जातीची आहे. मूळ अडचण मराठी शब्दात आहे. आपला 'देखावा' तीन कामं करतो: सह्याद्रीचा देखावा, गणपतीपुढचा देखावा आणि 'हा नुसता देखावा आहे' मधला देखावा. स्पॅनिशमध्ये या तिघांना तीन वेगळी घरं आहेत. पहिला पाइसाखे किंवा बिस्ता. दुसरा देकोरादो किंवा एसेनोग्राफिया, म्हणजे उभारलेली सजावट, नेपथ्य. तिसरा आपारियेन्सिया, बोलीभाषेत स्पेनमध्ये पारिपे. 'दृश्य'चंही तेच: नाटकातलं दृश्य एसेना, डोळ्यांपुढचं दृश्य बिस्ता.

वाक्य १. एसेनारियो म्हणजे रंगमंच. त्यावरून वाढलेला अर्थ म्हणजे 'जिथे काहीतरी घडतं ती जागा'. 'हे खोरं लढाईचं एसेनारियो होतं' हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे घटना आहे. पोलिसांच्या बातमीत एल एसेनारियो देल क्रिमेन येतो, तोही बरोबर. पण डोंगराचं सौंदर्य सांगताना एसेनारियो वापरला की ऐकणारा विचारतो, डोंगरावर काय घडलं? हवं ते वाक्य: एल पाइसाखे दे ला मोन्तान्या एस मुय बोनितो.

वाक्य २. इथे 'कुठून' आलेलं आहे. देस्दे मी बेन्ताना, माझ्या खिडकीतून. बघणाऱ्याची जागा ठरली की स्पॅनिश माणूस बिस्ता म्हणतो: देस्दे मी बेन्ताना तेन्गो उनास बिस्तास प्रेसियोसास. पाइसाखे तुमच्या खिडकीच्या मालकीचा नसतो, बिस्तास असतात. पाइसाखे ठेवायचाच असेल तर तेन्गो काढा: देस्दे मी बेन्ताना से बे उन पाइसाखे प्रेसियोसो. (खिडकीतून सुंदर प्रदेश दिसतो.)

वाक्य ३ आणि ४ व्याकरणाची आहेत, ती दुसरं कोणी घ्या.

उत्तररात्र

३ मी घेते.

पानोरामा पुल्लिंगी आहे: एल पानोरामा. शेवटी आ दिसला की आपण स्त्रीलिंग गृहीत धरतो, पण ग्रीकमधून आलेले 'मा'कारान्त शब्द स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी राहतात: एल क्लिमा, एल तेमा, एल प्रोब्लेमा, एल इदियोमा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रॉबर्ट बार्कर या चित्रकाराच्या गोलाकार चित्रांसाठी ग्रीक धातूंवरून हा शब्द घडवला गेला आणि तिथून युरोपभर पसरला. मात्र हा नियम 'मा' दिसला की लगेच लावू नका. निसर्गवर्णनात हमखास लागणारा ला सिमा (शिखराचा माथा) स्त्रीलिंगी आहे. ला फोर्मा, ला रामा (फांदी) हेही स्त्रीलिंगीच.

दुसरी गोष्ट, पानोरामाला ग्रान्दे लागत नाही. विस्तारासाठी आम्प्लियो: उन पानोरामा आम्प्लियो, उनास बिस्तास आम्प्लियास.

तिसरी गोष्ट अर्थाची. आजच्या स्पॅनिशमध्ये पानोरामा बहुतेक वेळा लाक्षणिक अर्थाने येतो. एल पानोरामा पोलितिको म्हणजे राजकीय चित्र. कुणी पुढची गंभीर स्थिती पाहून 'मेनुदो पानोरामा' म्हणाला तर तो सूर्यास्ताचं कौतुक करत नसतो, 'काय ही परिस्थिती' असं म्हणत असतो. चिलीमध्ये तर पानोरामा म्हणजे सुट्टीतला बेत: 'शनिवारी काय पानोरामा?' म्हणजे कुठे जायचं ठरलंय? चहूकडच्या नजाऱ्यासाठी बिस्ता पानोरामिका किंवा नुसतं उना पानोरामिका म्हणा, घोटाळा होणार नाही. मोबाईलवरचा आडवा लांब फोटो तोही पानोरामिकाच.

शब्दांगण

पानोरामाबद्दल अनुमोदन. पाइसाखेच्या मुळाबद्दलही थोडं लिहितो, कारण मूळ कळलं की निवड सोपी होते.

शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमधल्या 'देश, प्रदेश' या शब्दापासून. म्हणून पाइसाखेत जमीन आहे: डोंगर, शेतं, झाडी, वस्ती, रस्ते, सगळं मिळून एका प्रदेशाचं रूप. बिस्ता मात्र बेर (पाहणे) या क्रियापदाच्या जुन्या भूतकाळवाचक रूपातून आला. त्यात डोळा आहे. म्हणून बिस्ता म्हणजे दृष्टीही. बिस्ता कान्सादा (थकलेली दृष्टी) म्हणजे चाळिशीचा चष्मा लावणारा दोष. आ सिम्प्ले बिस्ता म्हणजे नुसत्या डोळ्यांनी, पुन्तो दे बिस्ता म्हणजे दृष्टिकोन, आ बिस्ता दे पाखारो म्हणजे पक्ष्याच्या नजरेतून. कोर्टातली सुनावणीसुद्धा बिस्ता.

एक कसोटी. वाक्यातला बघणारा माणूस काढून टाका. वाक्य टिकलं तर पाइसाखे, कोसळलं तर बिस्ता. 'कास्तियाचा पाइसाखे कोरडा आहे' हे वाक्य बघणाऱ्याशिवाय उभं राहतं. 'बुरुजावरून बिस्ता छान आहे' यातला बुरूज आणि त्यावरचा माणूस काढला की काहीच उरत नाही.

चित्रकलेतही हीच वाटणी दिसते. एल ग्रेकोचं सोळाव्या शतकाच्या अखेरीचं तोलेदोचं चित्र (सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात) 'बिस्ता दे तोलेदो' म्हणून ओळखलं जातं. ते एका बाजूने पाहिलेलं एक ठरावीक शहर आहे. मेक्सिकोच्या खोऱ्याची विशाल चित्रं काढणाऱ्या होसे मारिया बेलास्कोला (१८४०–१९१२) मात्र पाइसाखिस्ता म्हणतात, कारण त्याचा विषय भूमी आहे. कागद आडवा ठेवायचा असेल तर स्पॅनिशमध्ये आपाइसादो म्हणतात. निसर्गचित्रं बहुधा आडवी असतात, त्यावरून आलेला शब्द. छपाईच्या दुकानात 'आपाइसादो' किंवा 'ओरिसोन्ताल' म्हटलं की काम होतं.

मांडवीतीर

गोव्यातल्या आणि पोर्तुगीज येणाऱ्या वाचकांसाठी. पाइसाखेच्या लिंगात आपली चूक हमखास होते. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द स्त्रीलिंगी आहे, 'आ पाइझाजें', आणि तशाच शेवटाचे बहुतेक शब्दही स्त्रीलिंगी: प्रवास, निरोप, भाषा. स्पॅनिशमध्ये हेच शब्द 'आखे'ने संपतात आणि पुल्लिंगी होतात: एल पाइसाखे, एल बियाखे, एल मेन्साखे, एल लेन्ग्वाखे. पोर्तुगीज कानाला 'ला पाइसाखे' बरं वाटतं, आणि परीक्षक ते लगेच पकडतो.

निसर्गवर्णनात आणखी दोन खड्डे आहेत. पहिला लार्गो. पोर्तुगीजमध्ये लार्गो म्हणजे रुंद, स्पॅनिशमध्ये लांब. रुंद खोरं सांगायचं असेल तर उन बाये आन्चो म्हणा. उन बाये लार्गो म्हटलंत तर खोरं अरुंद असलं तरी चालेल, फक्त लांब असायला हवं. दुसरा एक्सकिसितो. त्याचा पोर्तुगीज भाऊ 'विचित्र' या अर्थाचा, स्पॅनिश एक्सकिसितो म्हणजे 'अतिशय रुचकर, उंची'. मासळीच्या कालवणाला एक्सकिसितो म्हणा, डोंगराला नको.

नीरा_काठ

खूप उपयोगी. एक शंका आहे. काही ठिकाणी 'बिस्ता आल मार', काही ठिकाणी 'बिस्तास आल मार', आणि एका पुस्तकात 'बिस्ता देल मार' दिलं आहे. तिन्ही बरोबर आहेत का?

खिडकीची_जागा

तिन्ही बरोबर आहेत, पण एकाच अर्थाचे नाहीत.

'आ' म्हणजे त्या दिशेला उघडणारी: उना आबितासियोन कोन बिस्तास आल मार, समुद्राकडे तोंड असलेली खोली. स्पेनमध्ये हे अनेकवचनी येतं. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एकवचनी, कोन बिस्ता आल मार. दोन्हीकडे दोन्ही समजतात.

'दे' म्हणजे कशाचं दृश्य. पोस्टकार्डाखाली बिस्ता देल मार किंवा बिस्ता दे सेबिया असं छापतात. खोलीच्या जाहिरातीत 'दे' सहसा नसतो.

'देस्दे' म्हणजे कुठून: ला बिस्ता देस्दे ला तोर्रे.

खिडकी कुठे उघडते हे सांगायला त्याहून सोपं क्रियापद आहे, 'दार आ' (स्पॅनिश 'दार' म्हणजे देणे). ला बेन्ताना दा आल पार्के: खिडकी बागेकडे उघडते.

आता खोली ठरवताना लागणारे शब्द, इथे शब्दाची निवड थेट पैशाशी येते.

आबितासियोन एक्सतेरियोर: खिडकी रस्त्याकडे किंवा बाहेर उघडते. आबितासियोन इन्तेरियोर: खिडकी आतल्या बाजूला, म्हणजे बहुधा पातियो दे लुसेसकडे. या शब्दाचा शब्दशः अर्थ 'उजेडाचं अंगण' असा होतो आणि वाचणाऱ्याला कारंजी, कुंड्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तो इमारतीच्या मधला उभा चौक असतो, मुंबईच्या चाळीमधल्या डक्टसारखा. त्यात दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. स्वस्त खोली हवी असेल आणि शांत झोप लागणार असेल तर घ्या, पण बिस्तास मिळतील ही अपेक्षा ठेवू नका.

बिस्ता लातेराल आल मार: गॅलरीतून मान वळवून दिसणारा समुद्र. बिस्ता फ्रोन्ताल: समोर सरळ समुद्र. प्रिमेरा लिनेआ दे प्लाया: इमारत किनाऱ्याच्या पहिल्या रांगेत. इथे फसू नका, पहिल्या रांगेतल्या इमारतीचीही मागची बाजू असते. पहिली रांग आणि फ्रोन्ताल ही दोन्ही विचारून घ्या. बिस्तास देस्पेखादास: समोर काही आडवं न येणारा मोकळा नजारा.

उत्तररात्र

वाक्य ४ राहिलं होतं.

आय आणि एस्ता. दोघांचंही मराठी 'आहे' होतं, म्हणून आपली गल्लत होते. उन, उना, संख्या, मुचोस (पुष्कळ) किंवा काहीच उपपद नाही, तिथे आय: एन ला फोतो आय उन रियो. आय दोस बार्कोस. आय मुचोस आर्बोलेस. एल, ला, मी (माझा) किंवा विशेषनाम असेल तिथे एस्ता: आल फोन्दो एस्ता एल तेइदे (मागे तेइदे पर्वत आहे). नवी गोष्ट चित्रात आणताना आय, ओळखीची गोष्ट कुठे आहे ते सांगताना एस्ता. एका पोस्टात हा नियम पाठ होत नाही. कोणताही फोटो घेऊन आयची दहा आणि एस्ताची दहा वाक्यं मोठ्याने म्हणा.

एस आणि एस्ता हा याच दुखण्याचा दुसरा भाग. एल पाइसाखे एस प्रेसियोसो म्हणजे मुळातच सुंदर. एल पाइसाखे एस्ता प्रेसियोसो म्हणजे आज, बर्फ पडल्यामुळे किंवा पावसानंतर, विशेष सुंदर दिसतोय. आकाशाला एस्ता: एल सिएलो एस्ता देस्पेखादो (निरभ्र), एस्ता नुब्लादो (ढगाळ). ला मोन्तान्या एस्ता नेबादा म्हणजे डोंगरावर बर्फ आहे. लॅटिन अमेरिकेत 'उन नेबादो' हे नामच आहे, हिमशिखर: कोलंबियात नेबादो देल रुइस, मेक्सिकोत नेबादो दे तोलुका.

आडवाट

क्रियापदांकडे दुर्लक्ष होतंय. वर्णन सपाट होतं ते विशेषणं कमी पडल्यामुळे नाही, सगळीकडे 'बेर' वापरल्यामुळे.

बेर: दिसणे, पाहणे. मिरार: मुद्दाम पाहणे. कोन्तेम्प्लार: थांबून, शांतपणे न्याहाळणे. सूर्यास्ताला हे छान बसतं. दिबिसार: दूरवरून आकार ओळखू येणे, म्हणून त्यात अंतर हवंच. पाच फुटांवरच्या झाडाला दिबिसार लावलं तर विचित्र वाटतं. बिस्लुम्ब्रार: धूसर, अर्धवट दिसणे, धुक्यातून किंवा झाडीतून. आबिस्तार: शोधत असलेली गोष्ट दृष्टीस पडणे. जहाजावरून जमीन किंवा देवमासा दिसला की आबिस्तार, म्हणून देवमासे पाहण्याच्या सहलींना आबिस्तामिएन्तो दे बाय्येनास म्हणतात. ओतेआर: उंचावरून दूरवर टेहळणी करणे. गडाच्या बुरुजावरचा पहारेकरी ओतेआर करतो.

आसोमार्से हे माझं आवडतं क्रियापद. कठड्यावरून, खिडकीतून, कड्याच्या टोकावरून पुढे वाकून डोकावणे, एवढं सगळं एका शब्दात मावतं. स्पेनच्या जुन्या रेल्वेडब्यांत खिडकीखाली 'एस पेलिग्रोसो आसोमार्से आल एक्सतेरियोर' अशी पाटी असे: बाहेर डोकावणे धोक्याचे आहे. उलट, चंद्र ढगातून डोकावतो तेव्हाही ला लुना से आसोमा.

आणि निसर्ग स्वतः काय करतो: डोंगर से आल्सा (उभा राहतो), मैदान से एक्सतिएन्दे (पसरतं), नदी सेर्पेन्तेआ (नागमोडी वाहते) आणि समुद्राला देसेम्बोका एन एल मार (मिळते).

नेहमीची चूक: 'से बे लास मोन्तान्यास'. डोंगर अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी: से बेन लास मोन्तान्यास. आपण 'डोंगर दिसतात'च म्हणतो, 'डोंगर दिसतो' नाही.

नीरा_काठ

'निसर्गरम्य रस्ता' कसा म्हणायचा? कार्रेतेरा एसेनिका चालेल का?

शब्दांगण

नाही. एसेनिको म्हणजे रंगमंचाचा: आर्तेस एसेनिकास म्हणजे नाट्य-नृत्यादी प्रयोगकला. रस्त्याला कार्रेतेरा पानोरामिका किंवा रुता पाइसाखिस्तिका म्हणा.

आडवाट

शब्दांगण, इथे 'नाही' जरा जास्त ठाम झालं. स्पेनपुरतं तुमचं बरोबर आहे. मेक्सिकोमध्ये मात्र कार्रेतेरा एसेनिका रूढ आहे. तिहुआना ते एन्सेनादा हा किनाऱ्यालगतचा महामार्ग त्याच नावाने ओळखला जातो, आणि आकापुल्कोच्या उपसागरावरून जाणाऱ्या रस्त्याला लोक नुसतं 'ला एसेनिका' म्हणतात. मेक्सिकोतल्या वाचकासाठी लिहिताना तो शब्द चुकीचा नाही.

शब्दांगण

मान्य. माझं वाक्य असं वाचा: स्पेनसाठी आणि परीक्षेसाठी पानोरामिका, मेक्सिकोच्या संदर्भात एसेनिका चालेल.

कातळशिल्प

सह्याद्रीच्या फोटोंखाली स्पॅनिश मथळे द्यायचे आहेत. यादी: पॉइंट (महाबळेश्वरला असतात तसे), घाट, पठार, दरी, कडा, धबधबा, खाडी, ढगांचा समुद्र.

आडवाट

क्रमाने घेतो. बहुतेकांना बरा प्रतिशब्द आहे.

पॉइंट: मिरादोर. तंतोतंत. मिरारवरून आला, 'पाहण्याची जागा'. ग्रानादातला मिरादोर दे सान निकोलास (समोर आलाम्ब्रा हा किल्ला-राजवाडा), लान्सारोते बेटावरचा सेसार मानरिके या कलाकाराने साकारलेला, १९७३ मध्ये खुला झालेला मिरादोर देल रियो. पेरूच्या कोल्का दरीत गिधाडजातीचे कोन्दोर पाहायला ज्या जागी लोक थांबतात ती क्रुस देल कोन्दोर, तोही मिरादोरच. समुद्रावर झुकलेल्या पॉइंटला कुठेकुठे बाल्कोन म्हणतात, नेर्खा गावचा बाल्कोन दे एउरोपा प्रसिद्ध आहे. फक्त लक्षात ठेवा, उत्तर स्पेनमध्ये घराच्या काचबंद सज्जालाही मिरादोर म्हणतात. 'कोन मिरादोर' अशी घराची जाहिरात दिसली तर डोंगर समजू नका.

घाट: चढणीचा रस्ता आणि खिंड या अर्थाने स्पेनमध्ये पुएर्तो. तोच शब्द बंदरालाही. सायकल शर्यतीच्या बातमीत 'पुएर्तो' वाचून समुद्र शोधू नका. लॅटिन अमेरिकेत पासो, पेरूच्या डोंगरांत आब्रा. संबंध डोंगररांग मात्र सिएर्रा (शब्दशः करवत) किंवा कोर्दियेरा. कोर्दियेरा मोठी, तिच्यात अनेक सिएर्रा मावतात. सह्याद्रीला मी कोर्दियेरा म्हणेन आणि एखाद्या फाट्याला सिएर्रा.

पठार: मेसेता. सपाट माथ्याच्या एकट्या डोंगराला मेसा. बोलिव्हियाच्या उंच पठारासाठीचा आल्तिप्लानो हा शब्द सह्याद्रीला लावू नका, तो त्या उंचीशी बांधलेला आहे.

दरी: हा शब्द फसवा आहे. रुंद, शेती असलेली, मध्ये नदी वाहणारी असेल तर बाये. अरुंद आणि खोल असेल तर बार्रान्को. प्रचंड, खडकात कोरलेली असेल तर कान्योन. केब्रादा स्पेनमध्ये डोंगरांमधली अरुंद खिंड, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच देशांत ओढा. आर्जेन्टिनाची केब्रादा दे उमावाका (२००३ पासून जागतिक वारसा) मात्र लांबलचक दरीच आहे. सह्याद्रीतल्या बऱ्याच दऱ्यांना बार्रान्को बसतो.

कडा: समुद्रकाठी आकान्तिलादो. डोंगरातल्या उभ्या कड्याला पारेद बेर्तिकाल (उभी भिंत) हे साधं आणि अचूक, गिर्यारोहकही पारेदच म्हणतात. कोकणकड्याच्या फोटोखाली मी तेच लिहीन. तोल गेला तर काय होईल हे सुचवायचं असेल तर प्रेसिपिसियो. नदीने कापलेल्या खोल घळईला ताखो, रोन्दा शहर अशा ताखोच्या दोन्ही काठांवर आहे आणि १७९३ मध्ये पुरा झालेला तिथला पुएन्ते नुएबो सुमारे ९८ मीटर उंच आहे.

धबधबा: कास्कादा. फार मोठा, रुंद, भरपूर पाण्याचा असेल तर काताराता, जशा कातारातास देल इग्वासू. उंचावरून एका धारेत कोसळणारा साल्तो: व्हेनेझुएलाचा साल्तो आन्खेल, ९७९ मीटर. पावसाळ्यात कड्यावरून उतरणाऱ्या धारांना कास्कादा. काताराता म्हणजे डोळ्यातला मोतीबिंदूही.

खाडी: वायव्य स्पेनमधल्या गालिसियाच्या किनाऱ्यावरची रिया हा कोकणच्या खाडीचा सगळ्यात जवळचा शब्द. समुद्र नदीच्या दरीत आत घुसतो, तेच चित्र. गालिसियाबाहेरच्या वाचकाला एस्तुआरियो लवकर कळेल. बाइआ म्हणजे उपसागरासारखा मोठा बाक, खाडीला तो नको.

ढगांचा समुद्र: मार दे नुबेस. स्पेनच्या कानारी बेटांवर रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. तेइदे (३,७१५ मीटर) खाली पसरलेल्या ढगांना तिथे हेच म्हणतात. शब्दशः आपलंच भाषांतर, आणि ते बरोबर आहे.

उत्तररात्र

सुंदर यादी. एक भर: मोन्ते. कोश त्याचा अर्थ 'पर्वत' देतो, पण स्पेनमध्ये 'इर आल मोन्ते' म्हणजे रानात जाणे, आणि आर्जेन्टिनात मोन्ते म्हणजे झुडपी जंगल. शिखराच्या नावाआधी (मोन्ते पेर्दिदो) ठीक, एरवी मोन्तान्या. चिली-आर्जेन्टिनात सेर्रो शब्दाला उंचीची मर्यादा नाही. सुमारे ६,९६१ मीटरचा आकोन्काग्वाही सेर्रो आकोन्काग्वा. स्पेनमध्ये मात्र सेर्रो म्हणजे टेकडी.

धुक्याचेही थर आहेत. निएब्ला दाट, हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की निएब्ला. नेब्लिना विरळ. ब्रुमा विशेषतः समुद्रावरची. कालिमा म्हणजे धुळीचा धूसर पडदा, कानारी बेटांवर सहाराची धूळ येते तेव्हा हा शब्द सतत कानावर पडतो. फोटोत सगळं पिवळसर-करडं असेल तर निएब्ला लिहू नका, कालिमा लिहा. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचं समुद्रधुकं कामान्चाका.

वेळेचे शब्द: आमानेसेर (उजाडणे), आतार्देसेर (संध्याकाळ उतरणे), आनोचेसेर (अंधारणे). सूर्य क्षितिजाखाली जातो तो क्षण ला पुएस्ता दे सोल. माद्रुगादा म्हणजे मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंतचा वेळ, म्हणून सूर्योदयाच्या फोटोखाली तो चालत नाही.

खिडकीची_जागा

विशेषणांबद्दल थोडक्यात. बोनितो सगळीकडे चालतो, पण लवकर शिळा होतो. प्रेसियोसो स्पेनमध्ये खूप वापरात. एर्मोसो आणि लिन्दो लॅटिन अमेरिकेत जास्त ऐकू येतात, लिन्दो स्पेनमध्ये फार कमी. बेयो लिखित, भारदस्त. आस्तुरियासमध्ये डोंगरालाही ग्वापो म्हणतात, इतरत्र तो मुख्यतः माणसांचा शब्द.

नेमकं सांगायचं असेल तर रूप सांगा: एस्कार्पादो (उभ्या चढणीचा), आग्रेस्ते (रानटी, खडबडीत), फ्रोन्दोसो (दाट पानांचा), एक्सुबेरान्ते (भरगच्च हिरवा), आरिदो (रुक्ष), इम्पोनेन्ते (छाती दडपणारा, पर्वताला बसतो, बागेला नाही). उना प्लाया देसिएर्ता म्हणजे ओस, निर्मनुष्य किनारा, वाळवंट नव्हे. तेर्रिफिको म्हणजे भीतिदायक, कौतुकासाठी नको.

माणसं असलेल्या दृश्याला, उदाहरणार्थ पेरणी करणारे शेतकरी किंवा बर्फातलं गाव, एस्ताम्पा हा फार सुरेख शब्द आहे: उना एस्ताम्पा रुराल. आणि 'चित्रातल्यासारखं' याला दे पोस्ताल, पोस्टकार्डावरचं: उन पाइसाखे दे पोस्ताल.

नीरा_काठ

सगळं वापरून मिरादोर दे सान निकोलासच्या फोटोवर सराव केला आहे. तपासा.

एन प्रिमेरो प्लानो आय उन मुरो बाखो इ मुचास पेर्सोनास सेन्तादास. एन एल सेन्त्रो से आल्सा ला आलाम्ब्रा, सोब्रे उना कोलिना फ्रोन्दोसा. आल फोन्दो से बे ला सिएर्रा नेबादा. एल सिएलो एस देस्पेखादो. पारेसे के एस्ता आतार्देसिएन्दो, पोर्के लोस मुरोस एस्तान रोखोस. ला बिस्ता देल मिरादोर एस इम्पोनेन्ते.

(पुढे बुटका कठडा आणि बरीच बसलेली माणसं. मध्ये झाडीच्या टेकडीवर आलाम्ब्रा. मागे सिएर्रा नेबादा. आकाश निरभ्र. भिंती लाल दिसतात, म्हणजे संध्याकाळ होत असावी. मिरादोरवरून दिसणारा देखावा भव्य आहे.)

शब्दांगण

से आल्सा आणि फ्रोन्दोसा योग्य जागी आले आहेत. पाच दुरुस्त्या.

एन प्रिमेर प्लानो. पुल्लिंगी नामाआधी प्रिमेरोचा ओ गळतो.

आल फोन्दो से बे सिएर्रा नेबादा. ग्रानादाच्या या डोंगररांगेला उपपद लावत नाहीत. कोलंबियातल्या ला सिएर्रा नेबादा दे सान्ता मार्ता हिला मात्र लावतात.

एल सिएलो एस्ता देस्पेखादो. कारण उत्तररात्र यांनी वर दिलं आहे.

लास मुरायास एस्तान रोखिसास. मुरो म्हणजे साधी भिंत, किल्ल्याच्या तटाला मुराया, आणि ती स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषणही बदलतं. रोखो म्हणजे लालभडक, संध्याकाळच्या तांबूस छटेला रोखिसो. आलाम्ब्रा हे नाव अरबीतल्या 'लाल' या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे, हे एक वाक्य जोडलंत तर परीक्षकाला आवडेल.

ला बिस्ता देस्दे एल मिरादोर. 'देल मिरादोर' म्हटलं की फोटो मिरादोरचा होतो. इथे तुम्ही मिरादोरवर उभ्या आहात आणि पाहताय आलाम्ब्राकडे.